पाळतीचा मक्ता

चिखलीहून खामगावला जाताना अमडापूर मागे पडलं की उंद्री लागतं. उदयनगर हे त्याचंच दुसरं नाव. शिवारात सोयाबीन, तूर, कपाशी. तालुक्याचं काम चिखलीला, मोठा बाजार खामगावचा, पोलीस ठाणं अमडापूरचं. अशा गावात काही बरंवाईट घडण्याच्या बेतात असेल, तर त्याची कुणकुण सरकारला कशी लागते? त्याचं उत्तर कायद्यात छापलेलं आहे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७. त्याच्या सहाव्या कलमात पोलीस पाटलाची कामं सांगितली आहेत. गावातल्या गुन्ह्यांची आणि लोकांच्या एकूण हालहवालाची माहिती दंडाधिकाऱ्याला देत राहायची. शांततेला बाधा येईल अशी कोणतीही खबर गोळा करून ठाणेदाराला कळवायची.

पोलीस पाटील गावचाच असावा लागतो. त्याची नेमणूक प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी करतात. मार्च २०२४ मध्ये त्याचं मानधन महिना ६,५०० रुपयांवरून १५,००० झालं. त्यानं कळवलेलं ठाण्यातला गोपनीय अंमलदार टिपून घेतो. तिथून ते बुलढाण्याच्या जिल्हा विशेष शाखेकडं जातं, आणि वजनदार असेल तर राज्य गुप्तवार्ता विभागापर्यंत, पोलिसांच्या बोलीत एसआयडीपर्यंत पोचतं. या पद्धतीचे गोडवे गायचं कारण नाही. भावकीतला राग काढण्यासाठी दिलेल्या खोट्या खबरा आणि त्यापायी ठाण्यात बसवून ठेवलेली निरपराध माणसं वऱ्हाडातल्या गावांनी पाहिलेली आहेत. पण पोलीस पाटलाचं घर गावाला माहीत असतं. त्याच्याविरुद्ध प्रांताकडं अर्ज देता येतो, चौकशी लागते, तो निलंबित होतो, पदावरूनही जातो. जो पाळत ठेवतो त्याला जाब विचारायची वाट कायद्यानंच ठेवलेली आहे.

गेल्या काही वर्षांत हेरगिरीचं, पाळतीचं आणि माहिती चाळण्याचं काम सरकारच्या हातून हळूहळू कंपन्यांच्या हाती चाललं आहे. जगभर चाललं आहे आणि आपल्या राज्यातही. हे काम मक्त्यानं देताना जाब विचारायची वाटही सोबत दिली जाते का, एवढाच माझा प्रश्न आहे. माझ्या मते दिली जात नाही, आणि ही गोष्ट उंद्रीच्या माणसाला मुंबईच्या माणसाइतकीच लागू आहे.

आज गावातल्या माणसाची सर्वांत बारीक नोंद मोबाइल कंपनीकडं असते. पोलीस ज्याला ‘सीडीआर काढणं’ म्हणतात ती काय चीज आहे हे एकदा नीट पाहायला हवं. त्यात बोलणं नसतं, नुसत्या ओळी असतात. कोणत्या नंबरावरून कोणत्या नंबराला कॉल गेला, तारीख, वेळ, किती सेकंद. हँडसेटचा आयएमईआय क्रमांक, सिमचा आयएमएसआय क्रमांक. आणि कॉल सुरू होताना व संपताना फोन कोणत्या टॉवरखाली होता, त्याचा सेल आयडी.

समजा, उंद्रीतला एक शेतकरी सकाळी सहाला एका अडत्याशी ४० सेकंद बोलतो. टॉवर उंद्रीचा. साडेनऊला पुढचा कॉल, टॉवर खामगावच्या बाजार समितीजवळचा. दुपारी एका बँकेच्या शाखेला दोन कॉल, दोन्ही अर्ध्या मिनिटाच्या आत संपलेले. संध्याकाळी सातला फोन चिखलीत, एका मोठ्या दवाखान्याशेजारच्या टॉवरखाली. तिथून घरी तीन कॉल, मेहुण्याला एक. रात्री साडेअकराला एका सावकाराला अकरा मिनिटं. एका दिवसाच्या आठ-दहा ओळी झाल्या. ज्याला वाचता येतात त्याला त्यातून माल विकला, पैसे पुरले नाहीत, बँकेनं दाद दिली नाही, घरातलं कुणीतरी दवाखान्यात आहे आणि उधारी मागायची वेळ आली, एवढं सगळं कळतं. डिसेंबर २०२१ मध्ये बदललेल्या परवान्याच्या अटीनुसार कंपन्यांना अशा नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवाव्या लागतात. म्हणजे प्रत्येकाच्या आयुष्याची दोन वर्षं एका खासगी कंपनीच्या कोठारात पडलेली असतात आणि ते कोठार सरकारसाठी राखलेलं असतं.

या कोठाराला चोरवाटा आहेत हे देशाला २०१३ मध्ये समजलं. राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांचे सीडीआर बेकायदा काढल्याचं उघडकीला आलं आणि दिल्ली पोलिसांचा एक शिपाई व काही खासगी गुप्तहेर पकडले गेले. त्यानंतर नियम कडक झाले. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय कंपनीकडं सीडीआर मागायचा नाही असं ठरलं. पाच वर्षांनी, २०१८ च्या सुरुवातीला, ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनं महाराष्ट्रातलाच सीडीआरचा बाजार उघडा पाडला. नवरा-बायकोच्या संशयापासून धंद्यातल्या स्पर्धेपर्यंत कुठल्याही कारणासाठी कुणाच्याही फोनच्या नोंदी पैसे मोजून मिळत होत्या. पकडलेल्यांत खासगी गुप्तहेर होते. तपास पुढं सरकला तेव्हा यवतमाळच्या पोलीस दलातल्या एका शिपायालाही अटक झाली. यवतमाळ उंद्रीपासून काही परदेशाइतकं दूर नाही. ज्या पडद्यावर एखाद्या खुन्याचं लोकेशन शोधायचं, त्याच पडद्यावरून शेजाऱ्याच्या घरची नोंद बाहेर जात होती.

इथं एक मोठी फट आहे. दुकानासमोर रखवालदार पुरवणाऱ्या कंपनीला २००५ च्या कायद्यानुसार परवाना काढावा लागतो. दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात डोकावण्याचा धंदा करणाऱ्या गुप्तहेर संस्थेला असा वेगळा परवाना लागत नाही. त्यासाठीचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं होतं. त्याचा कायदा कधी झालाच नाही.

चोरवाटा सोडा, राजरस्त्याचंही पाहू. फोनवरचं बोलणं ऐकायचं तर राज्यात गृह सचिवांचा लेखी आदेश लागतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात घालून दिलेली ही चौकट आहे. आदेश ६० दिवस चालतो, वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या पुढं नाही. आदेश योग्य होता की नाही हे मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची आढावा समिती पाहते. कागदावर चौकट भक्कम दिसते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ च्या अहवालात या समित्यांची खरी अवस्था नोंदवली. दोन महिन्यांतून एकदा बैठक, आणि एका बैठकीपुढं १५ ते १८ हजार आदेश. बैठक सलग आठ तास चालली असं धरलं तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्या वेळात नावसुद्धा वाचून होत नाही.

आणि नाव वाचलं तरी ते खरं असेलच असं नाही. काँग्रेस नेते नाना पटोले यांनी जुलै २०२१ मध्ये विधानसभेत सांगितलं की त्यांचा फोन ‘अमजद खान’ या नावाखाली टॅप केला गेला. यावरून पुढं गुन्हे नोंदवले गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते रद्दही केले. दोष कुणाचा, होता की नव्हता, हा वाद मी इथं उकरत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की सगळे सही करणारे सरकारी नोकर असतानाही, वर सचिव, समिती, विधिमंडळ आणि न्यायालय एवढे दरवाजे असतानाही, काय झालं हे जनतेला नीट उमगलेलं नाही. त्यात मध्ये एक खासगी कंपनी आणून बसवली तर धागा आणखी किती लांबतो?

ती कंपनी आता आलेली आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं ‘मार्व्हल’ नावाची कंपनी स्थापली. लांबलचक इंग्रजी नावाचं हे लघुरूप आहे. पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा पुरवणं आणि गुप्तवार्तेचं विश्लेषण सुधारणं हे तिचं काम. कंपनी कायद्याखाली नोंदलेली, भांडवल सरकारचं, पहिली पाच वर्षं दरसाल ४ कोटी २० लाख रुपये. करार तिघांचा आहे, राज्य सरकार, नागपूरचं आयआयएम आणि चेन्नईची पिनाका टेक्नॉलॉजीज ही खासगी कंपनी. पिनाकानं याआधी नौदल, आयकर विभाग आणि सेबी यांच्यासाठी काम केल्याचं सरकारनंच सांगितलं होतं. म्हणजे पाटी सरकारी, आतलं तंत्र खासगी.

या यंत्रणेचा उपयोग होत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ९ ऑगस्ट २०२५, राखीपौर्णिमेचा दिवस. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ एका ट्रकनं दुचाकीला उडवलं, बायको जागीच गेली. मदतीला कुणी थांबेना म्हणून नवऱ्यानं तिचा मृतदेह दुचाकीला बांधून नेला. ते दृश्य सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. ट्रकचा नंबर नवऱ्याला माहीत नव्हता. ट्रकवर लाल खुणा होत्या एवढंच त्याला आठवत होतं. पोलिसांनी टोलनाक्यांवरचं कॅमेऱ्याचं चित्रण मार्व्हलच्या यंत्रणेतून चाळून घेतलं. तसल्या खुणांचे ट्रक वेगळे काढले, वेळेवरून एक नेमका धरला आणि ३६ तासांत तो ७०० किलोमीटरवर, ग्वाल्हेर-कानपूर महामार्गावर सापडला. नुसत्या डोळ्यांनी हे चित्रण बघायचं तर पोलिसांना आठवडे लागले असते. त्या नवऱ्याला न्यायाची वाट मोकळी झाली ती यंत्रामुळे, हे मान्य करूनच पुढं बोललं पाहिजे.

डिसेंबर २०२५ मध्ये याच्या पुढचं पाऊल पडलं. मुंबईत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांच्या उपस्थितीत ‘महाक्राइमओएस एआय’ ही प्रणाली राज्यातल्या सर्व, सुमारे ११०० पोलीस ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. आधी ती नागपूरच्या २३ ठाण्यांत वापरून पाहिली होती. तिच्यामागं मार्व्हल, हैदराबादची सायबरआय आणि मायक्रोसॉफ्ट असे तिघं आहेत. फिर्याद कोणत्याही भाषेत असो, यंत्र ती वाचतं, तपासाचा आराखडा सुचवतं, बँकेला आणि मोबाइल कंपनीला द्यायच्या नोटिसा तयार करतं. सर्व ठाणी म्हणजे त्यात अमडापूरही आलं. ऑनलाइन फसवणुकीत आयुष्याची पुंजी गेलेल्या माणसाला ठाण्यात तास न् तास बसावं लागू नये, यासाठी असं काही हवंच आहे. सायबर गुन्ह्यात पहिले काही तास मोलाचे असतात आणि गावाकडच्या ठाण्यात ते तास ‘साहेब बाहेर आहेत’ या वाक्यात जातात.

पण उंद्रीच्या बाईनं अमडापुरात दिलेली फिर्याद कोणत्या यंत्रात शिरली, ती कुठल्या गावच्या सर्व्हरवर ठेवली गेली, तिथं कोणत्या कंपनीच्या माणसाला दिसते, करार संपल्यावर ती पुसली जाणार की कंपनीचं यंत्र तिच्यावर शिकून शहाणं होणार, हे त्या बाईला कोण सांगणार? यंत्रानं चुकीच्या माणसाकडं बोट दाखवलं तर न्यायालयात उत्तर द्यायला तपास अधिकारी उभा राहील की यंत्र बनवणारा? पोलीस पाटलाची खबर खोटी निघाली तर त्याला विचारता येतं, ‘तुला कुणी सांगितलं?’ यंत्राला हे विचारायची सोय करारात लिहून घ्यावी लागते. लिहून घेतली आहे का, हे करार पाहिल्याशिवाय कळणार नाही.

सरकार कंपनीकडं का जातं, याची कारणंही खरी आहेत. पोलीस अंमलदार दोन-तीन वर्षांत बदलीवर जातो. तो सायबर शाखेत तयार होतो आणि मग त्याला बंदोबस्ताला पाठवतात. संगणकाचं चांगलं ज्ञान असलेल्या तरुणाला पुण्यात जो पगार मिळतो तो पोलीस खात्याच्या वेतनश्रेणीत बसत नाही. कायम पद मंजूर करून घ्यायचं तर वित्त विभागाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, निविदा काढणं त्या मानानं सोपं. मग निविदा निघते. हीच वाट पुढं माणसांच्या भरतीलाही लागते. २०२३ च्या जुलैमध्ये मुंबई पोलिसांत राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान कंत्राटी तत्त्वावर घ्यायचं ठरलं. त्याच वर्षी सप्टेंबरात नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी पदं भरण्याचा शासन निर्णय आला. राज्यभर पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. चिखली-खामगाव रस्त्यावर भल्या पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात, त्यांच्या दृष्टीनं हा पोटाचा प्रश्न होता. मला त्यात आणखी एक दिसतं. अकरा महिन्यांच्या करारावर आलेला माणूस जेव्हा जातो, तेव्हा त्यानं पाहिलेलं, ऐकलेलं सगळं त्याच्यासोबत जातं. कायम नोकराला पेन्शनची, खातेनिहाय चौकशीची, शपथेची भीती असते. कंत्राटी माणसाला कसली?

कंपनीच्या हाती हेरगिरी असण्याचा अनुभव आपल्या मुलखाला नवा नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८११ मध्ये पुण्याला रेसिडेंट म्हणून आला. तो ब्रिटिश राजाचा नोकर नव्हता, लंडनच्या भागधारकांच्या एका व्यापारी कंपनीचा नोकर होता. पेशव्याच्या दरबारात काय चाललं आहे ते त्याला पगारी माणसं कळवत. त्यांतले बाळाजीपंत नातू महाराष्ट्राच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण चढलं. कंपनीनं पुणं जिंकलं त्यात तोफांइतकाच बातमीचाही वाटा होता.

बुलढाणा मात्र तेव्हा निजामाकडं होतं, आणि ते कंपनीच्या हातात गेलं ते एका बिलापायी. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज इंग्रज अधिकारी चालवत आणि तिचा खर्च निजामानं द्यायचा असा बंदोबस्त होता. फौज कुणाचं ऐकते? जो तिचा हिशेब ठेवतो त्याचं. फौज निजामाच्या नावाची, खर्च वाढवणारे दुसरेच. थकबाकी फुगत गेली आणि मे १८५३ च्या तहानं निजामानं ती भागवण्यासाठी वऱ्हाड कंपनीला लावून दिलं. उंद्रीचं शिवार त्यातच गेलं. पुढं १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपये देऊन ते कायमचं पट्ट्यानं घेतलं. सुरक्षेचं काम दुसऱ्याकडं सोपवून त्याचा हिशेब आपल्या हाती न ठेवणाऱ्या राज्यकर्त्याला काय मोजावं लागतं, हे वऱ्हाडाच्या सातबाऱ्याखाली गाडलेलं आहे.

अमेरिकेनं ही वाट आपल्या फार आधी धरली. तिथल्या यादवी युद्धात, १८६१-६२ मध्ये, जनरल मॅक्लेलनसाठी हेरगिरी केली ती अ‍ॅलन पिंकर्टनच्या खासगी गुप्तहेर संस्थेनं. शत्रूच्या सैन्याचे आकडे ती इतके फुगवून देत राहिली की सेनापती पुढं पाऊल टाकायलाच कचरत राहिला. ११ सप्टेंबर २००१ नंतर तर अशा कंपन्यांचा पूर आला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं २०१० मध्ये दोन वर्षांच्या शोधानंतर मोजदाद छापली. गुप्तवार्ता आणि दहशतवादविरोधी कामात १,९३१ खासगी कंपन्या, अत्यंत गोपनीय कागद पाहण्याचा परवाना असलेली साडेआठ लाखांवर माणसं आणि त्यांतली सुमारे २ लाख ६५ हजार कंत्राटदारांची. तीन वर्षांनी एडवर्ड स्नोडेननं अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रं बाहेर काढली, तेव्हा तो बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन या कंत्राटदार कंपनीच्या पगारावर होता. त्यानं जगावर उपकार केले असं मी मानतो. पण तोच दरवाजा पैशासाठी उघडणाऱ्यालाही उघडा होता.

जाब विचारायला किती वेळ लागतो, याचं उत्तर अबू घ्रैबच्या तुरुंगात आहे. इराकमधल्या त्या तुरुंगात चौकशीचं काम करणाऱ्यांत सीएसीआय या खासगी कंपनीचे लोक होते. छळ सोसलेल्यांनी २००८ मध्ये दावा लावला. आम्ही सरकारसाठी काम करत होतो, तेव्हा सरकारला असलेलं संरक्षण आम्हालाही द्या, असं कंपनी वर्षानुवर्षं सांगत राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्यूरीनं तीन इराकी माणसांना ४ कोटी २० लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. दावा लावल्यापासून सोळा वर्षं. अमेरिकेसारख्या कज्जेदलालीच्या देशात ही गत. काम सरकारचं म्हणून कंपनीवर दावा सहजी चालत नाही, आणि करणारी कंपनी म्हणून सरकारवर चालत नाही. दोघांच्या मधल्या बोळात माणूस चिरडला जातो.

खासगी कंपनीची पाळत आपल्या नागपूरच्या दारातही येऊन गेली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं इस्रायलच्या एनएसओ कंपनीवर अमेरिकेत दावा ठोकला. तिच्या पेगासस या हत्यारानं सुमारे १,४०० फोनना लक्ष्य केल्याचा आरोप होता. भारतात ज्यांना सावध करण्यात आलं त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. एनएसओ म्हणत आली की आम्ही फक्त सरकारांनाच माल विकतो. भारत सरकारनं तो घेतला की नाही, हे सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं नाही. न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. २९ फोन तपासले गेले, पाचांत घातक प्रणाली सापडली, ती पेगाससच होती असं ठामपणे म्हणता आलं नाही. सरकारनं सहकार्य केलं नाही हेही न्यायालयात सांगण्यात आलं. तिकडं अमेरिकेत मे २०२५ मध्ये ज्यूरीनं एनएसओला साडेसोळा कोटी डॉलरच्या वर दंड ठोठावला. पुढं न्यायाधीशांनी तो बराच खाली आणला, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा हल्ला करायचा नाही असा कायमचा मनाई हुकूम दिला. अमेरिकेतली एक खासगी कंपनी तिथं न्याय मिळवू शकली. नागपूरचा वकील इथं अजून आपला फोन कुणी फोडला हे विचारतो आहे.

एल्गार परिषदेच्या खटल्यात तर बचाव पक्षालाही कंपनीच शोधावी लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बोस्टनच्या अर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक कंपनीनं अहवाल दिला की आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये २२ महिने बाहेरून शिरकाव होता आणि पुराव्यात धरलेल्या फायली त्यात बाहेरून घातल्या गेल्या. त्यासाठी वापरलेलं नेटवायर हे कुणालाही विकत मिळणारं साधन होतं. तपास यंत्रणांना हे निष्कर्ष मान्य नाहीत, आणि त्यांचा कस खटल्यातच लागायचा आहे. पण शिरकाव कुणी केला, पैसे कुणी दिले, या प्रश्नाचं उत्तर शोधायची जबाबदारी कोणत्याही सरकारी यंत्रणेनं स्वतःहून घेतलेली नाही. ज्याच्याकडं बोस्टनच्या कंपनीपर्यंत पोचायची ऐपत नाही, त्या उंद्रीच्या माणसानं काय करायचं?

कायद्याचं छत्र किती फाटकं आहे हेही सांगायला हवं. इंटेलिजन्स ब्युरोची मुळं १८८७ पर्यंत जातात. ‘रॉ’ १९६८ ची. दोन्हींसाठी संसदेनं केलेला स्वतंत्र कायदा आजही नाही. खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये खासगी विधेयक आणलं, ते तसंच राहिलं. मूळ यंत्रणेलाच कायद्याची चौकट नाही, तिथं तिच्या कंत्राटदाराला कुठून असणार? वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा केंद्राला कोणत्याही सरकारी यंत्रणेला त्यातून सूट द्यायची मुभा देतो. त्याच कायद्यानं माहिती अधिकारातलं ‘खासगी माहिती’चं कलम बदलून घेतलं, त्यामुळं माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला आता आणखी एक निमित्त मिळालं आहे.

मी कंपन्यांना दारच बंद करा म्हणत नाही. ट्रक शोधणारं यंत्र हवं आहे. शेत बटईनं दिलं तरी मालक बांधावर जातो, पेरलं काय आणि उगवलं काय ते पाहतो. गुप्तवार्तेच्या कंत्राटात सरकारनं तेवढं तरी करावं. कोणती कंपनी, किती पैशांत, कोणत्या कामासाठी, हे विधिमंडळापुढं ठेवावं. तिच्या माणसांनी कधी कोणती नोंद उघडली याची खतावणी यंत्रातच राहावी आणि कंपनीबाहेरच्या कुणीतरी ती दरवर्षी तपासावी. कुणाला अटक करायची, कुणाच्या मागे लागायचं हा निर्णय कंपनीच्या पडद्यावर सोडू नये, तो सही करणाऱ्या अधिकाऱ्याचाच असावा. आणि चूक झाली तर सामान्य माणसाला कंपनी व सरकार दोघांवर एकत्र दावा लावता यावा, असं कायद्यात स्पष्ट लिहावं. यातल्या एकाही गोष्टीनं देशाचं कोणतंही गुपित फुटत नाही.

आणि हे होईपर्यंत आपल्या हाती जे आहे ते वापरावं. मार्व्हल ही सरकारी पैशाची कंपनी आहे. तेव्हा माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो. अर्ज गृह विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. तो दुसऱ्या कार्यालयाचा विषय असेल तर पाच दिवसांत तिकडं पाठवणं त्यांचं काम आहे. त्यात विचारावं: पिनाका, सायबरआय आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याशी झालेल्या करारांच्या प्रती द्या. ठाण्यातली माहिती कुठं साठवली जाते आणि कंपनीच्या किती माणसांना ती उघडता येते ते सांगा. करार संपल्यावर तिचं काय होणार ते सांगा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करावं. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात भरतं. आपल्या आमदाराला तारांकित प्रश्न टाकायला सांगण्यासाठी दिवाळी हीच योग्य वेळ आहे. ते या दिवसांत गावात येतात, भेटतात. हा अंक वाचून बाजूला ठेवण्याआधी अर्ज लिहून काढावा, ही वाचकांना माझी विनंती आहे.